आतड्याच्या सुजेत ऑपरेशन: कधी, कोणतं आणि त्यानंतर काय

आतड्याच्या जुनाट सुजेवर डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं की घरचे बहुतेक दोनच अर्थ काढतात. औषधं थकली, आता काही खरं नाही. नाहीतर दवाखान्याला बिल वाढवायचं आहे. मग नागपुरातच धंतोलीतून रामदासपेठेत, तिथून कोणाच्या तरी ओळखीने मुंबई नाहीतर हैदराबाद, मधे कोणी सांगितलेला काढा, आणि बघता बघता महिना जातो. दुसरं मत जरूर घ्यावं, पण ते पहिल्या आठवड्यात घ्यावं. अंगात ताकद असताना झालेलं ऑपरेशन आणि हाडं दिसायला लागल्यावर रात्री घाईने करावं लागलेलं ऑपरेशन यांत फार मोठा फरक असतो. सर्जन तोच असला तरी टाके भरून येण्याची शक्यता तीच राहत नाही. नागपुरात गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटपासून रुग्ण येतात आणि त्यांतले बरेच उशिराच पोचतात, म्हणून हे सविस्तर सांगावंसं वाटलं.

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणजे आयबीडी. नावात एका अक्षराचाच फरक असल्याने लोक त्याची आयबीएसशी, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमशी, गल्लत करतात. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते आणि त्यासाठी ऑपरेशनही लागत नाही. आयबीडीत खरोखरच्या जखमा होतात. त्याचे मुख्य प्रकार दोन, आणि ऑपरेशनचा सगळा हिशोब या दोघांतल्या फरकावर चालतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा फक्त मोठ्या आतड्याचा, त्यातही आतल्या अस्तराचा आजार. तो गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढत जातो. त्यामुळे मोठं आतडं आणि गुदाशय पूर्ण काढला की आतड्यातला आजार संपतो. सांधेदुखी किंवा यकृताच्या नळ्यांचा त्रास असेल तर तो मात्र मागे राहू शकतो. क्रोन्स डिसीजचं तसं नाही. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मधे निरोगी जागा सोडून तुकड्यातुकड्यांनी होतो आणि आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी पोखरतो. एक तुकडा काढला तरी दुसरीकडे तो पुन्हा उगवू शकतो. म्हणून क्रोन्समध्ये सर्जनला आजार मुळासकट काढायचा नसतो. अडचण दूर करायची असते, आणि जितकं आतडं वाचवता येईल तितकं वाचवायचं असतं.

आपल्याकडे याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा टीबी तर नाही? आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघांनाही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याची, उजव्या बाजूच्या खालची जागा आवडते. पोटात मुरडा, ताप, वजन घटणं, सगळं सारखंच. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, काढलेल्या तुकड्यांतही कित्येकदा निवाडा होत नाही. तेव्हा डॉक्टर आधी टीबीची औषधं सुरू करून दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. जखमा भरत असतील तर टीबी, तशाच असतील तर क्रोन्सचा संशय बळावतो. ही वाट पाहणी कंटाळवाणी असली तरी तिला कारण आहे. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. उलट बाजूने, जखमा भरत नसताना टीबीची औषधं महिनोन्महिने ओढत राहिलो तर तेवढ्यात आतडं आकसून बसतं. दोन महिन्यांनंतरची ती कोलोनोस्कोपी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून टाळू नका.

मोठं आतडं धोक्यात येतं तेव्हा

कोलायटिसच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला कधी ना कधी तीव्र झटका येतो. त्याची खूण ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी 1955 मध्ये सांगितली आणि ती आजही वापरतात: दिवसातून 6 किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि सोबत नाडी 90 च्या वर, ताप 37.8 अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) 30 च्या वर, यांतलं निदान एक. असं असेल तर घरी बसून औषध घ्यायचं नाही, भरती व्हायचं. जुलाब थांबवण्याची गोळी मेडिकल स्टोअरमधून आणून घेणं या अवस्थेत घातक ठरू शकतं, कारण सुजलेलं आतडं हालचाल बंद करून फुग्यासारखं ताणलं जाऊ शकतं. एक्स-रेमध्ये मोठ्या आतड्याचा आडवा भाग 6 सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त रुंद दिसला आणि रुग्ण तापाने, धडधडीने बेजार असला तर त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. तिथून आतडं फुटायला वेळ लागत नाही, आणि फुटल्यावर जिवाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

भरती झाल्यावर आधी संडास तपासून जंतुसंसर्ग आणि अमिबा नाही याची खात्री करतात. शिरेतून स्टेरॉइड सुरू होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनचं इंजेक्शनही देतात. संडासातून रक्त जात असताना रक्त पातळ करणारं इंजेक्शन कशाला, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. पण या सुजेत पायाच्या आणि फुप्फुसाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका खराच मोठा असतो.

मग येतो तिसरा दिवस. संडास अजून 8 वेळांच्या वर होत असेल, किंवा वेळा कमी होऊनही सीआरपी (हेही सुजेचं रक्तातलं माप) 45 च्या वर असेल, तर स्टेरॉइड पुरणार नाही असं धरून चालतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ते पुरत नाहीच. तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन आणखी एक संधी घेतली जाते. तिलाही आठवडाभरात प्रतिसाद आला नाही तर मोठं आतडं काढायचं. माझं म्हणणं असं की सर्जनने रुग्णाला पहिल्याच दिवशी पाहिलेलं असावं. सर्जन आला म्हणजे ऑपरेशन ठरलं, असं नसतं. पण सातव्या दिवशी रात्री 11 वाजता अनोळखी माणूस येऊन ‘सही करा’ म्हणतो तेव्हा कोणतंही घर गोंधळतंच.

या घाईच्या ऑपरेशनमध्ये मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग काढतात, गुदाशय तसाच ठेवतात आणि लहान आतड्याचं टोक पोटावर आणून तिथे पिशवी लावतात. सगळं एकाच वेळी का उरकत नाहीत? रुग्ण अशक्त असतो, स्टेरॉइडमुळे जखम हळू भरते, आणि काढलेलं आतडं पॅथॉलॉजीत तपासल्यावर कधी कधी आजार क्रोन्स निघतो. तसं असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं.

पुढचा टप्पा काही महिन्यांनी, वजन परत आल्यावर. गुदाशय काढून लहान आतड्याचा शेवटचा 30 ते 40 सेंटिमीटर भाग दुमडून त्याची थैली शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी 1978 मध्ये ही कल्पना मांडली. आज सर्रास वापरला जाणारा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा आकार जपानच्या उत्सुनोमिया यांनी 1980 मध्ये दिला. टाके भरेपर्यंत दोन-तीन महिने तात्पुरती पिशवी असते, मग तीही बंद होते. नैसर्गिक वाटेने संडास होते, पण दिवसातून साधारण 5 ते 7 वेळा, रात्रीही एखाद वेळा. हे आधी स्पष्ट सांगायला हवं. ‘एकदम नॉर्मल होईल’ असं ऐकून गेलेला माणूस नंतर दुखावतो. थैलीला सूज येण्याचा त्रास जवळपास निम्म्या लोकांना कधीतरी होतो आणि बहुतेकदा प्रतिजैविकांनी आटोक्यात येतो.

लग्न व्हायचं असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलींबाबत एक गोष्ट घरच्यांसमोर बोलली जात नाही, ती इथे बोलतो. ओटीपोटातल्या या शस्त्रक्रियेनंतर गर्भनलिकांभोवती चिकटपणा येऊन दिवस राहायला अडचण होऊ शकते. पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून केल्यास हा धोका कमी होतो. काही जणी पहिल्या टप्प्यानंतर पिशवीसह संसार करतात, बाळंतपण उरकतात आणि मग थैली करून घेतात. पिशवीसह गरोदरपण शक्य आहे, सुरक्षितही आहे. हा निर्णय त्या मुलीने सर्जनशी एकटीने बोलून घ्यावा, आई किंवा सासू शेजारी बसलेली असताना नाही.

घाईशिवायही कोलायटिसमध्ये मोठं आतडं काढावं लागतं. कारण कॅन्सर, किंवा त्याच्या आधीचे पेशींतले बदल. आजाराला 8 वर्षं झाली की ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी सुरू करतात ती यासाठीच. त्रास नसतानाही.

पिशवी आणि नागपूरचा मे महिना

ऑपरेशनला नकार देणाऱ्यांपैकी बहुतेकांची खरी भीती पिशवीची असते. वास येईल, लोकांना दिसेल, देवघरात जाता येणार नाही. आजच्या पिशव्या नीट चिकटल्या तर वास बाहेर येत नाही, आणि सैल कपड्याखाली त्या दिसतही नाहीत. जागा मात्र ऑपरेशनच्या आधी, जागेपणी ठरली पाहिजे. रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून पोटावर खूण करतात. परकराची नाडी कुठे येते, पँटचा पट्टा कुठे बसतो, मांडी घातल्यावर घडी कुठे पडते, हे पाहून. खूण न करता थेट टेबलावर जागा निवडली आणि ती घडीत आली तर पुढे रोज गळती होते. नियोजित ऑपरेशन असेल तर ही खूण करून मागा. तो तुमचा हक्क आहे.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, आणि साधारण तीन-चार दिवसांनी बदलायची. उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी लवकर सुटते, तेव्हा त्याआधीच. पिशवीच्या चिकटपट्टीचं भोक स्टोमाच्या, म्हणजे पोटावर आणलेल्या आतड्याच्या टोकाच्या, मापाचं कापायचं, कारण लहान आतड्यातला पातळ मल कातडीला लागला की ती सोलून निघते. पहिल्या काही आठवड्यांत स्टोमा आकसतो, त्यामुळे माप पुन्हा घ्यावं लागतं.

नागपुरात खरी परीक्षा असते पाण्याची. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ शोषण्याचं. तेच नसल्याने दोन्ही पिशवीतून जातात. स्थिरावलेल्या स्टोमातून दिवसाला 500 ते 800 मिलिलिटर, फार तर लिटरभर येतं. दीड लिटरच्या वर गेलं तर ती धोक्याची खूण. आता त्यात 45 अंशांचं ऊन आणि घाम मिळवा. माणूस माठातलं पाणी ढसाढसा पितो, तरी थकवा जात नाही आणि लघवी गडद होत जाते. नुसतं पाणी जास्त प्यायलं की आतड्यातून उलट मीठच जास्त वाहून जातं. उपाय म्हणजे ओआरएस, एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, दिवसभर घोट घोट. रसवंतीवरचा उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक तहान भागवल्यासारखं वाटतं, पण त्यातली साखर आतड्यात पाणी खेचून घेते आणि पिशवी आणखी भरते. ओआरएससारख्या खोक्यात विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवरही भरवसा ठेवू नका. हरतालिकेचा निर्जळी उपवास अशा बाईने करू नये, हे तिला कोणीतरी मोठ्या माणसानेच सांगितलं तर तिचं मन हलकं होईल. लघवी अगदी कमी झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली, पायात गोळे आले तर सकाळची वाट पाहायची नाही, कारण मूत्रपिंडं फार लवकर दगावतात.

खाण्याचं सांगायचं तर पहिले सहा आठवडे मऊ अन्न, नंतर जवळजवळ सगळं. चोथ्याचं तेवढं जपायचं. आपली संत्री इथे अडचण करतात: फोडीचं पांढरं साल आणि पडदा पचत नाही, त्याचा गोळा होऊन स्टोमा अडू शकतो. गाळलेला रस चालतो, तोही थोडाच आणि जेवणासोबत. तर्री-पोह्यातले पोहे चालतील, तर्रीतले चणे सालासकट गिळू नका. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, कच्ची कोबी यांचंही तसंच. खायचंच असेल तर थोडं आणि खूप चावून. आतडं अरुंद झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांनीही हेच पाळावं. सावजीच्या रश्शाने मात्र हा आजार होत नाही. तो सुजेच्या काळात त्रास देईल एवढंच, आणि तिखट खाल्लंस म्हणून झालं असं म्हणून रुग्णाला दोष देणं थांबवलं पाहिजे.

क्रोन्स: कमीत कमी कापणं

अरुंद झालेलं आतडं, फुटून साचलेला पू आणि भगंदर (गुदद्वाराजवळ कातडीत उघडणारी पू वाहती वाट), या तीन कारणांनी क्रोन्सचा रुग्ण सर्जनकडे पोचतो. पूर्वी निदानानंतर दहा वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना ऑपरेशन लागायचं. नव्या औषधांनी ते प्रमाण उतरलं आहे.

आतडं अरुंद झालं की जेवल्यावर तासाभरात मुरडा येतो, पोट फुगतं, गुडगुड होते, उलटी झाल्यावर बरं वाटतं. सुजेमुळे अरुंद झालं असेल तर औषधाने उघडतं. तिथे कडक वण तयार झाला असेल तर कुठलंच औषध तो मऊ करत नाही. लहान आणि दुर्बिणीच्या आवाक्यातली जागा फुग्याने रुंद करून पाहता येते. बाकीच्यांसाठी कापून काढणं किंवा स्ट्रिक्चरोप्लास्टी. शिंपी घट्ट बाही उभी उसवून आडवी शिवेल तर ती जरा आखूड होईल पण हात सहज जाईल, तसंच इथे होतं. अरुंद जागी उभा छेद, आडवे टाके, आणि आतड्याचा एक सेंटिमीटरही फेकायचा नाही. ही युक्ती आधी आपल्या देशात, आतड्याच्या टीबीसाठी वापरली गेली. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये ती ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात मांडली आणि पाच वर्षांनी ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी ती क्रोन्सला लावली. टीबीने गांजलेल्या देशातल्या सर्जनांचं हे ऋण जगभरच्या क्रोन्सच्या रुग्णांवर आहे, आणि ते आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आजाराचा भाग कापायचा झाला तरी आता कडेला दोन सेंटिमीटर निरोगी आतडं सोडून कापतात. जास्त कापल्याने आजार लांब जात नाही, हे सिद्ध झालं आहे. 1956 च्या जूनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं आतडं क्रोन्सने अडलं तेव्हा सर्जननी आजारी भाग आत तसाच ठेवून वळणरस्ता काढला होता. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. ती पद्धत आता सहसा वापरत नाहीत, कारण आत उरलेला भाग धुमसत राहतो आणि त्यात पुढे कॅन्सरचीही शक्यता असते.

लहान आतड्याच्या शेवटच्या टोकालाच मर्यादित आजार असेल, तर ऑपरेशन शेवटी ठेवायलाच हवं असंही नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांपैकी काहींना दुर्बिणीतून ऑपरेशन आणि काहींना इन्फ्लिक्सिमॅब दिलं. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं जगणं जवळपास सारखंच सुसह्य होतं. वर्षानुवर्षं इंजेक्शनचा खर्च न झेपणाऱ्या विदर्भातल्या शेतकरी कुटुंबासाठी ही माहिती फार मोलाची आहे, आणि डॉक्टरांनी ती आपणहून सांगावी. हे टोक बरंचसं काढलं तर बी-12 जीवनसत्त्व शोषलं जात नाही. मग त्याची इंजेक्शनं आयुष्यभर.

पोटात पू साचला असेल तर लगेच पोट उघडू नये. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत बाहेरून नळी घालून पू काढतात, प्रतिजैविकं देतात, पोषण सुधारतात आणि काही आठवड्यांनी शांतपणे ऑपरेशन करतात. ताप आणि उजवा पाय सरळ करता न येणं ही अशा पूची एक खूण. लघवीतून हवा किंवा घाण जात असेल तर आतडं मूत्राशयात उघडलं आहे, तेही सर्जनचंच काम.

भगंदराबद्दल थोडं कळकळीने. ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ असे बोर्ड नागपुरात आणि तालुक्यातालुक्यात आहेत. विशी-पंचविशीतल्या मुलाला पुन्हा पुन्हा भगंदर होतं, सोबत वजन उतरतं, जुलाब होतात, आणि तरीही कोणी कोलोनोस्कोपी सुचवत नाही. क्रोन्सचं भगंदर नेहमीसारखं उघडून कापलं तर जखम भरत नाही, आणि संडास रोखणारा स्नायू कापला गेला तर तो पुन्हा मिळत नाही. आधी एमआरआय करून वाट कुठून कशी जाते ते पाहतात, भूल देऊन पू मोकळा करतात आणि मार्गातून एक सैल धागा ओवून ठेवतात. त्याला सेटॉन म्हणतात. तो कापायला नसतो, पू साचू न देण्यासाठी असतो, आणि महिनोन्महिने राहू शकतो. त्याच्या जोडीला इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध. ते देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण हे औषध दबलेला टीबी जागा करतं.

ऑपरेशनआधी आणि नंतर

नियोजित ऑपरेशनला मिळालेले तीन-चार आठवडे फुकट घालवू नयेत. रक्त कमी असेल तर शिरेतून लोह, प्रथिनांसाठी आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं पेय, आणि स्टेरॉइड हळूहळू उतरवणं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 20 मिलिग्रॅमच्या वर कित्येक आठवडे चालू असेल तर टाके सुटण्याचा धोका वाढतो. ते मनाने एकदम बंद मात्र करू नका, शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवायची सवय मोडलेली असते. बिडी-सिगारेट बंद. क्रोन्स परत येण्याच्या कारणांत आपल्या हातात असलेलं हे सगळ्यांत मोठं कारण. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यातही निकोटिन आहेच आणि ते जखमेचा रक्तपुरवठा आवळतं, म्हणून तोही सोडा.

सर्जनला विचारा: तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? थैलीच्या ऑपरेशनबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा, आणि चांगला सर्जन तो ऐकून रागावत नाही. नागपुरातली सरकारी रुग्णालयं म्हणजे मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मेयो, मिहानमधलं एम्स, किंवा खासगी, कुठेही गेलात तरी पोटाचे फिजिशियन आणि सर्जन एकमेकांशी बोलतात का ते पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. कागद नंतर जमवताना दिवस जातात.

क्रोन्सचं ऑपरेशन झाल्यावर पोट शांत होतं, वजन वाढतं, आणि नेमक्या याच सुखात लोक डॉक्टरांकडे जाणं सोडतात. पुढे औषध न घेतल्यास वर्षभरात बहुतेकांच्या आतड्याच्या जोडाजवळ बारीक जखमा पुन्हा दिसू लागतात, पोट दुखायच्या कितीतरी आधी. म्हणून 6 ते 12 महिन्यांत एक कोलोनोस्कोपी करायची, आणि तिच्यावरून औषध ठरवायचं किंवा वाढवायचं. तिची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसेल तर दवाखान्यातून निघण्याआधी लिहून घ्या.